कुटुंब नावाचे एकक: जात, वर्ग आणि लिंगभाव यांच्या अभ्यासाचा आढावा

सामाजिक विषमतेचा अभ्यास करणाऱ्याला आरंभीच एक निर्णय घ्यावा लागतो आणि बहुधा तो न बोलताच घेतला जातो: विषमता मोजायची ती व्यक्तीव्यक्तींमधली की कुटुंबाकुटुंबांमधली. विसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या काळात समाजशास्त्राने कुटुंबाची निवड केली. स्तरीकरण, म्हणजे समाजाची उच्चनीच थरांत झालेली आणि पिढ्यानपिढ्या टिकून राहणारी विभागणी, ही कुटुंबांची विभागणी मानली गेली. कुटुंबप्रमुखाचा व्यवसाय, त्याची जमीन आणि त्याची जात यांवरून साऱ्या घराचे स्थान ठरवण्यात आले आणि त्या घरातली बायको, सून, विधवा बहीण वा मुलगी यांना त्याच स्थानाच्या भागीदार समजण्यात आले. या सोयीस्कर गृहीतामुळे दोन गोष्टी एकदमच नजरेआड झाल्या. घराच्या आतली विषमता दिसेनाशी झाली, हे उघडच आहे. पण घरे आपापसांत उच्चनीच राहावीत म्हणून घराच्या आत, विशेषतः लग्नाच्या व्यवहारात, जे सतत घडवले जाते तेही दिसेनासे झाले. ही दुसरी उणीव अधिक गंभीर होती. भारतातल्या, त्यातही महाराष्ट्रातल्या, या अभ्यासाचा इतिहास पाहता असे आढळते की विद्यापीठीय समाजशास्त्राने ज्या प्रश्नाकडे १९७४ नंतर वळून पाहिले तो त्याच्या कितीतरी आधी, आणि बराचसा विद्यापीठांबाहेर, नेमकेपणाने मांडला गेला होता.

पाश्चात्त्य परंपरेचा धावता उल्लेख येथे आवश्यक आहे, कारण भारतीय अभ्यासकांची बरीचशी हत्यारे तिकडून आली. फ्रीडरिख एंगल्सने १८८४ साली कुटुंब, खाजगी मालमत्ता आणि राज्यसंस्था यांच्या उगमावर लिहिताना स्त्रीच्या दास्याचा संबंध मालमत्तेच्या वारशाशी जोडला: मालमत्ता आपल्याच औरस संततीकडे जावी या इच्छेतून एकपतित्वाचे बंधन स्त्रीवर आले, अशी त्याची मांडणी होती. त्याने आधार घेतलेले मानववंशशास्त्र पुढे बरेचसे कालबाह्य ठरले, पण मालमत्ता, वारसा आणि स्त्रीच्या लैंगिकतेवरील ताबा या तिहींना एका सूत्रात ओवण्याची दिशा टिकली. तिच्या अगदी उलट दिशा अमेरिकी प्रकार्यवादाची, म्हणजे समाजातली प्रत्येक व्यवस्था समाज टिकवण्याचे काहीतरी कार्य करते असे मानणाऱ्या पंथाची, होती. किंग्जली डेव्हिस आणि विल्बर्ट मूर यांनी १९४५ मध्ये असा युक्तिवाद केला की महत्त्वाच्या पदांवर योग्य माणसे यावीत यासाठी असमान मोबदला अपरिहार्य असतो. टॅल्कॉट पार्सन्सने १९५५ साली रॉबर्ट बेल्सबरोबर लिहिलेल्या ग्रंथात पतीकडे कमावण्याची आणि पत्नीकडे भावनिक सांभाळाची भूमिका सोपवून ही वाटणी आधुनिक समाजाला अनुरूप असल्याचे सांगितले. युद्धोत्तर अमेरिकेतल्या उपनगरी, गोऱ्या, मध्यमवर्गीय घराचे ते वर्णन होते आणि ते सिद्धान्त म्हणून खपले.

कुटुंब हेच एकक, या गृहीतावर पहिला सरळ हल्ला जोन ॲकरने १९७३ मध्ये केला. स्त्रीचे सामाजिक स्थान तिच्या पुरुषावरून ठरवणे ही शास्त्रीय गरज नसून अभ्यासकांचा पूर्वग्रह आहे, असे तिने दाखवले. पुढच्याच वर्षी ॲन ओकलीने लंडनमधल्या ४० गृहिणींच्या मुलाखतींच्या आधारे घरकामाकडे काम म्हणून पाहिले आणि त्याचे तास मोजले. आठवड्याची सरासरी ७७ तास निघाली. तरीही १९८३ मध्ये जॉन गोल्डथॉर्प याने वर्गाच्या विश्लेषणात कुटुंब हेच एकक योग्य असल्याचे ठामपणे मांडले. त्याच्या बाजूने एवढे म्हणता येते की लग्न बहुधा समान वर्गात होते आणि घरातली माणसे एकाच आर्थिक संकटात सापडतात. पण लग्न समान वर्गात का होते, हा प्रश्न त्या मांडणीत कुठेच उपस्थित होत नाही.

तो प्रश्न ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी वाचलेल्या निबंधाच्या केंद्रस्थानी होता. भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास हा त्याचा विषय. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी केलेल्या जातीच्या व्याख्या तपासून आंबेडकरांनी जातीचे सार एकाच लक्षणात पाहिले: अंतर्विवाह, म्हणजे गटाच्या आतच लग्न करण्याचे बंधन. केतकरांनी जन्माने मिळणारे सदस्यत्व आणि गटाबाहेर लग्नाला बंदी अशी दोन लक्षणे सांगितली होती. आंबेडकरांच्या मते ती एकाच गोष्टीच्या दोन बाजू होत्या. सगोत्र विवाह टाळणाऱ्या, म्हणजे बहिर्विवाहाच्या बळावर उभ्या असलेल्या समाजावर अंतर्विवाह लादला गेला, आणि जातीचा उगम तेथे शोधला पाहिजे, हा त्यांचा मुद्दा होता.

खरे वेगळेपण यानंतरच्या पायरीत आहे. गटाच्या आतच लग्ने लावायची तर विवाहयोग्य स्त्रिया आणि पुरुष यांची संख्या जुळती राहिली पाहिजे, पण मृत्यू हे संतुलन सतत बिघडवतो. नवरा मेला की स्त्री ‘अतिरिक्त’ ठरते. ती गटाबाहेर लग्न करील वा गटातल्या मुलींच्या वाट्याचा वर घेईल, म्हणून एक तर तिला नवऱ्याबरोबर जाळायचे किंवा सक्तीच्या वैधव्यात ठेवायचे. बायको मेलेला पुरुषही अतिरिक्तच, पण तो गटाला हवा असतो आणि सत्ता त्याच्या हाती असते; त्याला जाळता येत नाही, संन्यासही लादता येत नाही, तेव्हा त्याच्यासाठी अजून लग्नाच्या वयात न आलेली मुलगी शोधली जाते. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन प्रथांकडे समाजसुधारकांनी स्वतंत्र दुष्ट रूढी म्हणून पाहिले होते. आंबेडकरांनी त्या जात टिकवण्याच्या साधनांच्या रूपात एका यंत्रणेत बसवल्या. वरिष्ठ गटाने दार लावून घेतल्यावर इतरांनी त्याचे अनुकरण केले आणि प्रथा खाली पसरल्या, ही त्यांची पुढची मांडणी एम. एन. श्रीनिवास यांच्या संस्कृतीकरणाच्या, म्हणजे वरच्या जातींच्या रीती उचलून खालच्या जातीने वर चढण्याच्या, संकल्पनेची आठवण करून देणारी आहे. फरक इतकाच की श्रीनिवासांचा ग्रंथ १९५२ चा आहे. संख्येच्या गणितावर एवढा भर देणे थोडे यांत्रिक वाटते, हे मान्य करूनही जात आणि लिंगभाव, म्हणजे स्त्रीत्व-पुरुषत्वाची समाजाने घडवलेली व्यवस्था, यांना एकाच कारणाशी बांधणारी इतकी सुटसुटीत मांडणी त्या काळी दुसरी नव्हती.

ही मांडणी पोकळीतून आली नाही. जोतीराव फुल्यांच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुक्ता या मांग विद्यार्थिनीने १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापून आलेल्या निबंधात महार-मांग स्त्रियांच्या बाळंतपणातील हाल ब्राह्मण स्त्रियांच्या स्थितीशी ताडून पाहिले होते; सर्व स्त्रियांचे दुःख एकच नसते, हे सूत्र तेथे आधीच हजर आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली ती सुरतेतल्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेवरील अर्भकहत्येच्या खटल्याच्या निमित्ताने, पण त्यांचा रोख विधवाविवाहबंदीपुरता न राहता पतिव्रताधर्माच्या साऱ्या एकतर्फी नियमांवर गेला. फुल्यांनी त्यांची पाठराखण केली. त्यांच्या काही सहकाऱ्यांना मात्र हे लिखाण पचले नाही. ब्राह्मणेतर घरांतही पुरुषसत्ता आहे, ही अडचणीची गोष्ट ताराबाईंनी झाकून ठेवली नव्हती हे त्याचे एक कारण असावे.

एकोणिसाव्या शतकातला कायदाही याच दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १८५६ च्या विधवाविवाह कायद्याने पुनर्विवाहाला मान्यता दिली, पण पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरील हक्क काढून घेतला. ज्या जातींत पाट लावण्याची रीत पूर्वापार होती त्यांना या मान्यतेची गरजच नव्हती; तरी मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथील उच्च न्यायालयांनी हक्क गमावण्याचे कलम त्यांनाही लावले, तर अलाहाबादच्या न्यायालयाने उलट भूमिका घेतली. वरच्या जातीतल्या विधवेसाठी केलेली सुधारणा खालच्या जातीतल्या विधवेच्या तोंडचा घास काढणारी ठरली, हे इतिहासकार ल्यूसी कॅरल यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले. १८८४ पासून गाजलेल्या रखमाबाईंच्या खटल्यात वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचे इंग्रजी तत्त्व वापरून बालपणी लग्न झालेल्या या सुतार जातीच्या स्त्रीला नवऱ्याकडे पाठवण्याचा प्रयत्न झाला, तेव्हाही कायद्याने कुटुंबाला एक सलग घटक मानून आतल्या माणसाचे म्हणणे दुय्यम ठरवले होते.

मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये पॅट्रिक गेडीस यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि १९२४ पासून गो. स. घुर्ये यांनी त्याला आकार दिला. भारतीय समाजशास्त्राची पुढची फळी बऱ्याच अंशी या विभागातून आली. घुर्यांच्या १९३२ च्या ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ या ग्रंथाचे मोठे योगदान वंशविषयक आहे. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या मोजमापावरून जातींची उतरंड वंशभेदावर उभी असल्याचा दावा केला होता. घुर्यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासून दाखवले की संयुक्त प्रांताचा अपवाद सोडला तर जातीचा दर्जा आणि शरीराची मापे यांचा रिस्लेला हवा होता तसा मेळ बसत नाही. जातीची जी सहा लक्षणे त्यांनी सांगितली ती आजही पाठ्यपुस्तकांत असतात: समाजाची खंडात्मक विभागणी, श्रेणीबद्धता, खानपान व व्यवहारावरील निर्बंध, नागरी व धार्मिक हक्कांतील विषमता, व्यवसायनिवडीवरील बंधन आणि विवाहावरील निर्बंध. आंबेडकरांनी ज्यात सारी जात पाहिली ते लक्षण येथे सहावे आहे. हा केवळ क्रमाचा भाग नव्हे. लक्षणांची यादी केली की त्यांतले कोणते इतरांना जन्म देते हे विचारण्याची गरज उरत नाही.

इरावती कर्वे यांचे स्थान या परंपरेत विलक्षण आहे. बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर या वंशवादी शास्त्रज्ञाच्या हाताखाली कवट्यांच्या असममितीवर संशोधन करताना त्यांनी आपल्या मार्गदर्शकाला अपेक्षित असलेला वंशभेद मापांत सापडत नाही असा निष्कर्ष नोंदवला. पुढे हा फिशर नाझी राजवटीचा समर्थक ठरला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काम करताना १९५३ मध्ये कर्व्यांनी भारतातील नातेसंबंधांच्या रचनेवर ग्रंथ लिहिला आणि देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण व पूर्व असे चार विभाग पाडले. उत्तरेत मुलगी परगावच्या अनोळखी घरात दिली जाते, दक्षिणेत मामाशी किंवा आते-मामे भावाशी लग्न होऊन ती ओळखीच्याच माणसांत राहते, आणि मधल्या पट्ट्यातल्या महाराष्ट्रात अनेक जातींना मामेबहीण चालते पण आतेबहीण चालत नाही. या तपशिलांतून माहेर आणि सासर यांच्यातले अंतर स्त्रीच्या आयुष्याला कसे वळण देते हे प्रथमच पद्धतशीरपणे समोर आले. टिम डायसन आणि मिक मूर यांनी १९८३ मध्ये बालमृत्यू, जन्मप्रमाण आणि स्त्रियांची स्वायत्तता यांतला उत्तर-दक्षिण फरक नातेसंबंधांच्या अशाच नकाशाने समजावून सांगितला. कर्व्यांना स्वतःला मात्र विषमतेपेक्षा विविधतेत अधिक रस होता. एकेक जात म्हणजे आपसांत लग्ने लावणारा विस्तारित नातेगट, असे त्यांनी १९६१ च्या ग्रंथात म्हटले. हे आंबेडकरांच्या इतके जवळ आहे की दोघांची सांगड त्या काळी कोणी घातली नाही याचे आश्चर्य वाटते.

एकत्र कुटुंब मोडले की टिकले, या वादात मात्र भारतीय समाजशास्त्राची जवळजवळ दोन दशके खर्ची पडली. आय. पी. देसाई यांनी सौराष्ट्रातल्या महुवा गावाच्या अभ्यासातून दाखवले की वेगळ्या चुली असल्या तरी मालमत्ता, देणीघेणी आणि सणवार यांतली एकत्रता शिल्लक राहते; ए. एम. शहा यांनी १९७३ मध्ये कुटुंब आणि एका छपराखालचा गृहगट यांत काटेकोर फरक करून जुन्या काळी सगळीकडे मोठी घरे होती हा समजच निराधार ठरवला. काम शिस्तीचे होते, पण चुली मोजताना चुलीपुढे कोण बसते, शेवटी कोण जेवते आणि कोणाच्या सहीने जमीन विकली जाते, हे प्रश्न प्रश्नावलीत आले नाहीत. श्रीनिवास हे येथे अंशतः अपवाद आहेत. संस्कृतीकरणाची प्रक्रिया त्यांनी आधी एखाद्या जातीच्या वर चढण्याची कथा म्हणून सांगितली, पण पुढे स्त्रियांच्या बदलत्या स्थानावर लिहिताना वर चढणाऱ्या जातीत स्त्रियांवरचे निर्बंध वाढतात, त्यांना शेतातल्या कामावरून घरात आणले जाते, पुनर्विवाह बंद होतो आणि वधूमूल्याची जागा हुंडा घेतो, याकडे त्यांनी लक्ष वेधले. जातीच्या प्रतिष्ठेची किंमत कोण चुकवते, हे त्यामुळे मुख्य प्रवाहातल्या एका मान्यवराच्या लेखणीतून नोंदले गेले.

लुई द्युमाँच्या १९६६ च्या ‘होमो हायरार्किकस’ने शुद्ध-अशुद्धाच्या कल्पनेला जातीचा पाया मानून चर्चा पुन्हा विचारसरणीकडे नेली. जेराल्ड बेरेमन याने त्याआधीच १९६० मध्ये भारतातील जात आणि अमेरिकेच्या दक्षिणेतील वंशभेद यांची तुलना करून दोन्हीकडे जन्मावर आधारलेली, बळाने राखलेली सत्ता आहे असा आग्रह धरला होता. ऑलिव्हर कॉक्स याने १९४८ मध्ये याच तुलनेला विरोध केला होता, कारण वंशवाद ही त्याच्या मते भांडवलशाहीतल्या श्रमाच्या शोषणाची निर्मिती होती. २००१ च्या वंशवादविरोधी डर्बन परिषदेच्या वेळी हा वाद भारतात पुन्हा उफाळला तेव्हा आंद्रे बेतेई यांनी जातीला वंश म्हणणे शास्त्रीय दृष्ट्या चुकीचे असल्याचे सांगितले. शरीरशास्त्रापुरते ते बरोबर होते आणि घुर्यांच्या आकडेवारीशी सुसंगतही. परंतु तुलनेचा खरा दुवा शरीरात नसून लग्नात आहे. अमेरिकेत गोऱ्या-काळ्यांमधील विवाहावर बंदी घालणारे राज्यांचे कायदे सर्वोच्च न्यायालयाने थेट १९६७ मध्ये, लव्हिंग खटल्यात, रद्द केले, तोवर वंशाची सीमा विवाह नोंदणीच्या खिडकीवर राखली जात होती.

काळ्या अमेरिकी कुटुंबाविषयीचा वाद त्या दृष्टीने बोधक आहे. १९६५ च्या मॉयनिहन अहवालाने दारिद्र्याचा मोठा दोष स्त्रीप्रधान, ‘मोडक्या’ कुटुंबाकडे दिला. कॅरल स्टॅक हिने १९७४ मध्ये एका गरीब वस्तीत राहून दाखवले की ज्याला मोडलेले घर म्हटले जाते ते अनेक घरांत पसरलेले देवाणघेवाणीचे जाळे असते आणि तुटपुंज्या उत्पन्नात जगण्याचा तो शहाणपणाचा मार्ग असतो. किंबर्ले क्रेन्शॉ हिने १९८९ मध्ये आंतरछेदितेची संकल्पना मांडली ती जनरल मोटर्सविरुद्धच्या एका दाव्याच्या आधारे: कंपनी काळ्या पुरुषांना कारखान्यात आणि गोऱ्या स्त्रियांना कचेरीत घेत असे, म्हणून न्यायालयाला वंशभेदही दिसला नाही आणि लिंगभेदही, आणि काळ्या स्त्रिया दोन्हींच्या मधून निसटल्या. दोन वा अधिक विषमता एकमेकींना जेथे छेदतात तेथे बेरजेहून वेगळी स्थिती तयार होते, एवढाच त्याचा अर्थ. भारतीय चर्चेत ही संज्ञा आली तेव्हा ती बरेचदा जात, वर्ग, लिंग, धर्म, प्रदेश अशा नामावळीवर येऊन थांबली. यंत्रणा शोधण्याची मेहनत त्या नामावळीने वाचवली, हे खेदाने म्हणावे लागते.

भारतात वळण आले ते १९७४ च्या अखेरीस पूर्ण झालेल्या स्त्रियांच्या दर्जाविषयक समितीच्या अहवालाने. फुलरेणू गुहा अध्यक्ष आणि वीणा मजुमदार सदस्य-सचिव असलेल्या या समितीने दाखवले की दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या १९०१ मधील ९७२ वरून १९७१ मध्ये ९३० वर घसरली होती. स्वातंत्र्य, शिक्षण आणि नियोजन यांनंतरही घराच्या आत मुली मरत होत्या, आणि कुटुंबाला सुखदुःखाचा समान वाटेकरी मानणाऱ्या समाजशास्त्राकडे याचे उत्तर नव्हते. त्याच वर्षी नीरा देसाई यांनी मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात स्त्री-अभ्यासाचे केंद्र सुरू केले.

पुढच्या दोन दशकांत लीला दुबे यांनी जुना धागा पुन्हा उचलला. बीज पुरुषाचे आणि क्षेत्र स्त्रीचे, या प्रजननाच्या लोकमान्य प्रतिमेतून अपत्यावर आणि पर्यायाने जमिनीवर पुरुषाचाच हक्क कसा नैसर्गिक भासतो, याचे त्यांनी १९८६ मध्ये विश्लेषण केले. दहा वर्षांनी जात आणि स्त्रिया यांवरील लेखात सोवळे, स्वयंपाक, व्रतवैकल्ये आणि वयात आलेल्या मुलीवरची पाळत यांतून जात रोजच्या रोज स्त्रियांच्या हातून राखली जाते हे दाखवले. उमा चक्रवर्ती यांनी १९९३ मध्ये ‘ब्राह्मणी पितृसत्ता’ ही संज्ञा सिद्धान्ताच्या पातळीवर नेली. तिचा रोख व्यक्तींच्या एखाद्या गटावर नसून ज्या व्यवस्थेत जातीची शुद्धता, जमिनीचा ताबा आणि स्त्रीच्या लैंगिकतेवरील नियंत्रण परस्परांना धरून राहतात त्या व्यवस्थेवर आहे. वेगवेगळ्या जातींतल्या स्त्रियांना वेगवेगळे नियम आणि पातिव्रत्याच्या गौरवातून मिळवलेली त्यांची संमती ही तिची दोन ठळक अंगे. पेशवाईत राज्यसत्ता स्वतः हे नियम राबवत होती, याचे तपशील त्यांच्या पंडिता रमाबाईंवरील ग्रंथात विस्ताराने येतात.

महाराष्ट्रात या चर्चेला धार आली ती दलित स्त्रियांच्या लेखनामुळे. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’, शांताबाई कांबळे यांची आत्मकथा, आणि ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या कार्यकर्त्या स्त्रियांचा शोध घेऊन १९८९ मध्ये सिद्ध केलेला ‘आम्हीही इतिहास घडवला’ यांतून जातीबाहेरचा अत्याचार आणि घरातला मार दोन्ही एकाच पानावर आले. गोपाळ गुरू यांनी १९९५ मध्ये दलित स्त्रिया वेगळे बोलतात, कारण स्त्री-चळवळ त्यांना जातीविना पाहते आणि दलित चळवळीतले पुरुष त्यांना दुय्यम ठेवतात, असे मांडले. शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये हे स्वीकारून एक पाऊल पुढे टाकले: केवळ अनुभवाच्या अस्सलतेवर भर दिला तर सवर्ण स्त्रीवाद्यांची जबाबदारीतून सुटका होते, म्हणून दलित स्त्रीवादी भूमिदृष्टी, म्हणजे त्या स्थानावरून साऱ्या समाजाकडे पाहण्याची रीत, इतरांनीही शिकून घेतली पाहिजे. छाया दातार यांनी या मांडणीला उत्तर देताना उपजीविका, बाजार आणि पर्यावरण यांचे प्रश्न मागे पडत असल्याची तक्रार केली. दुसऱ्याच्या स्थानावरून पाहणे खरोखर शक्य आहे की तेही एक बळकावणेच ठरते, हा वाद मिटलेला नाही. पण रेगे यांनी २००६ मध्ये दलित स्त्रियांच्या आत्मकथनांना समाजशास्त्राच्या पाठ्यक्रमाचा दर्जा मिळवून दिला, हे काम या वादावर अवलंबून नाही.

दातारांच्या तक्रारीत तथ्य आहे, हे वर्गाच्या प्रश्नाकडे वळताच जाणवते. मुंबईच्या कापडगिरण्यांत विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत सुमारे पाचवा हिस्सा कामगार स्त्रिया होत्या, मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या खात्यांत. रात्रपाळीची बंदी, १९२९ चा मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा टाळण्याची मालकांची धडपड, यंत्रांचे आधुनिकीकरण आणि पुरुषाच्या पगारात कुटुंब चालावे ही कामगार संघटनांनाही पटलेली कल्पना यांमुळे हा हिस्सा पुढे आटत गेला. पण ‘कुटुंबाचा पगार’ मिळवणारा कामगार चाळीत एकटा राहत असे. बायकामुले कोकणात किंवा घाटावर शेती सांभाळत आणि त्याचे जेवण गिरणगावातल्या खानावळवाल्या रांधत. वर्गाचा इतिहास संपांच्या तारखांनी लिहिला गेला, तेव्हा त्या संपांत उधारीवर जेवू घालणाऱ्या या बायका कामगार गणल्या गेल्या नाहीत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले तेव्हा त्यांच्या कामाला नाव मिळाले.

एककाचा प्रश्न किती जीवघेणा असू शकतो, हे ऊसतोडीत दिसते. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दर हंगामात साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या टोळ्यांमध्ये नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला आणि ती पडते नवऱ्याच्या हाती. ऊस तोडणे, मोळी बांधणे आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेणे यांत बायकोचा वाटा अर्ध्याहून कमी नसतो, शिवाय पहाटेचे पाणी, भाकरी आणि मुले तिचीच, पण हिशेबात तिचे स्वतंत्र नाव नसते. कामावर खाडा पडला की पैसे कापले जातात, म्हणून पाळीचे दुखणे, गर्भारपण आणि आजार हे कर्जाचे विषय होतात. गर्भाशय काढून घेतलेल्या बायकांचे बीडमधले प्रमाण चव्हाट्यावर आले तेव्हा २०१९ मध्ये राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. मुलाचे लग्न लवकर झाले की नवा कोयता तयार होतो, तेव्हा बालविवाहालाही येथे आर्थिक कारण मिळते. हे मजूर प्रामुख्याने वंजारी, बंजारा, दलित आणि कोरडवाहू मराठा घरांतले आहेत. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या, तर राज्याचा आकडा १९९१ मधील ९४६ वरून ९१३ आणि मग ८९४ वर आला होता. जोडीच्या श्रमावर घर चालणाऱ्या जिल्ह्यात मुलगी नकोशी का, याचे उत्तर केवळ दारिद्र्यात किंवा केवळ रूढीत सापडत नाही. गर्भलिंगनिदानाची सोय पैसा असलेल्यांना आधी मिळाली, हुंडा खालच्या जातींतही पोहोचला आणि जमीन मुलाकडेच राहिली, या तिन्हींचा तो मिळून परिणाम आहे.

मोजमाप बदलले की चित्र बदलते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे गेली आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. मुळात त्या दिवशी घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचे प्रमाण २६.१ टक्केच होते. हेच काम करणाऱ्या गृहिणींना २००१ च्या जनगणनेने भिकारी आणि कैद्यांच्या पंक्तीत ‘अनुत्पादक’ म्हणून बसवले, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या एका अपघात भरपाईच्या निकालात कान उपटले होते.

मालमत्तेचा प्रश्न मात्र मोजून संपत नाही. बीना अगरवाल यांनी १९९४ मध्ये दाखवल्याप्रमाणे जमिनीवरचा प्रत्यक्ष ताबा स्त्रीची घरातली सौदाशक्ती जितकी बदलतो तितकी नोकरी वा शिक्षण एकटे बदलत नाही. शेतकरी संघटनेच्या १९८६ च्या चांदवड अधिवेशनानंतर निघालेल्या ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत काही गावांतल्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन करून दिली, हा महाराष्ट्रातला दुर्मीळ सामूहिक प्रयोग होता. हिंदू कोड बिलाच्या अडवणुकीवरून आंबेडकरांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले; १९५६ च्या वारसा कायद्याने मुलींना काही हक्क दिला, महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत त्यांना जन्मसिद्ध सहदायाद केले. व्यवहारात वडिलांच्या पश्चात भाऊ बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेतो आणि बहीण माहेर तुटू नये म्हणून सही करते. एवढ्या वर्षांच्या कायद्याला हे एक कागदपत्र निष्प्रभ करते, आणि ते स्वेच्छेचे असल्याने बेकायदाही नसते.

आंबेडकरांनी ज्याला जातीचे सार म्हटले त्या अंतर्विवाहाची स्थिती शंभर वर्षांनीही फारशी हललेली नाही: २०११-१२ च्या भारतीय मानवविकास पाहणीत जातीबाहेर लग्न झालेल्यांचे प्रमाण सुमारे ५ टक्के आढळले. कायदा येथे तटस्थ आहे असा समज असतो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची जाहीर नोटीस आहे, जी घरच्यांना वेळ मिळवून देते. पण त्याहून कमी चर्चिलेले त्याचे कलम १९ आहे. एकत्र कुटुंबातल्या हिंदू, बौद्ध, शीख वा जैन व्यक्तीने या कायद्याखाली लग्न केले की ती आपोआप त्या कुटुंबापासून विभक्त झाली असे ते कलम मानते. १९७६ च्या दुरुस्तीने वधू-वर दोघेही या चार धर्मांतले असतील तर हे कलम लागू राहिले नाही. जोडीदार मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी वा ज्यू असेल तर ते आजही लागू होते.